एचटीचा शिक्का आणि सुकलेलं लाकूड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत
(माल परदेशी पाठवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

"परवा कंटेनर भरायचाय, लाकडी माल तेवढा हीट ट्रीटमेंट (एचटी) करून शिक्का मारून द्या." असा फोन आमच्या लाकूड-भट्टीवर सतत येतो. ओलावा किती टक्के हवा, असं आम्ही विचारलं की पलीकडून हमखास उत्तर येतं, "एचटी केल्यावर सुकेलच की!" तो सुकत नाही. एवढी एक गोष्ट नीट कळावी म्हणून हे पत्रक काढलं आहे. फळी, पॅलेट, क्रेट तुम्हाला नवीन नाहीत, तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

एचटी म्हणजे कीड मारण्यासाठी दिलेली उष्णता. लाकडाच्या पार मध्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं टिकलं की एचटी झालं. १९९६ मध्ये न्यू यॉर्कला आशियाई लांबशिंगी भुंगा सापडला. तो मालाच्या लाकडी पॅकिंगमधून तिथवर गेला होता आणि त्याच्यापायी हजारो झाडं तोडावी लागली. अशा प्रकारांमुळेच २००२ साली लाकडी पॅकिंगसाठी आयएसपीएम १५ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. शिक्का म्हणजे त्यानुसार प्रक्रिया झाल्याची खूण. त्यात एचटीसाठी ओलाव्याची कोणतीही अट नाही. चिंब ओली फळीसुद्धा काही तासांत एचटी होते, शिक्का मिळवते आणि जवळपास तेवढीच ओली बाहेर पडते.

केडी (किल्न ड्राइंग) म्हणजे भट्टीत सुकवणं. त्याला जातीनुसार आणि जाडीनुसार काही दिवस ते काही आठवडे लागतात. फर्निचरसाठी सहसा ८ ते १२ टक्के ओलावा मागतात, बांधकामाच्या मऊ लाकडाला १९-२० टक्क्यांच्या आत चालतं. साधारण २० टक्क्यांच्या खाली बुरशी वाढत नाही, हा आकडा लक्षात ठेवा.

आता नुकसान कसं होतं ते पाहा. कंटेनरमध्ये ४० टक्के ओलाव्याचा २० टन माल भरला, तर त्यात सुकं लाकूड जेमतेम सव्वाचौदा टन असतं, बाकी पाणी (ओलाव्याचा टक्का सुक्या वजनावर काढतात, ते पुढे सांगितलं आहे). तोच माल १२ टक्क्यांवर आणला तर वजन १६ टन भरतं. म्हणजे चार टन पाणी तुम्ही भाडं भरून समुद्रापार नेता. दिवसा पत्रा तापतो, लाकडातलं पाणी वाफ होऊन वर जातं. रात्री छत गार पडलं की तेच पाणी थेंबाथेंबाने मालावर टपकतं. ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगून हे थांबत नाही. त्या सुक्या मालासोबत उपयोगी पडतात, चार टन पाण्यापुढे त्यांचं काही चालत नाही.

एका ग्राहकाने आम्हाला फोटो पाठवला होता. माल दुसरीकडून घेतलेला, एचटीचा शिक्का अगदी ठसठशीत, सगळी अक्षरं स्वच्छ, आणि त्याला लागूनच तळहाताएवढा काळपट-हिरवा बुरशीचा डाग. त्यांना वाटत होतं शिक्का खोटा आहे. शिक्का खरा होता. उष्णतेने आतली कीड मेली, पण ती प्रक्रिया पुढे लाकडाचं रक्षण करत नाही. ओल्या, कोंदट जागेत बुरशी नव्याने धरते. माल तिकडे उतरल्यावर घासायचा, पुन्हा सुकवायचा आणि खरेदीदाराला सवलत द्यायची, एवढं सगळं त्यांना करावं लागलं. ऑर्डरमध्ये ओलाव्याचा आकडा लिहिला असता तर हे टळलं असतं.

ओलावा मोजण्यातही एक चूक वारंवार होते. ५०० ग्रॅमचा तुकडा आम्ही १०३ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवतो आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा तोलतो. समजा काटा ४०० ग्रॅमवर थांबला. पुष्कळ जण म्हणतात, १०० ग्रॅम पाणी गेलं म्हणजे ओलावा २० टक्के. या धंद्यात पाण्याला सुक्या वजनाने भागतात, म्हणून तो २५ टक्के धरायचा. करारात २० लिहिलेले असतील तर हा माल नापास. मीटरने तपासत असाल तर फळीच्या टोकाला टोचू नका, टोक सगळ्यात आधी सुकतं. हातभर आत या आणि पिना खोल जाऊ द्या.

आम्ही वेळ लावतो, ही तक्रार आमच्या कानावर येते. जाड, कठीण लाकूड घाईने तापवलं तर बाहेरचा थर आधी सुकून आवळतो, आतला ओला राहतो आणि पोटात तडे जातात. वरून फळी गुळगुळीत दिसते, तुमच्या खरेदीदाराने रंधा मारला की उघडी पडते. असा माल आमच्या हातून जाऊ नये, म्हणून भट्टीचं वेळापत्रक आम्ही कोणासाठीही कमी करत नाही.

दुसरीकडे प्रक्रिया झालेल्या मालावर आमचा शिक्का मारून द्या, अशीही विनंती होते. ते आम्ही करत नाही. त्या शिक्क्यात आमचा नोंदणी क्रमांक असतो. परदेशातल्या बंदरावर माल अडला तर पुन्हा प्रक्रिया करा, नष्ट करा किंवा परत न्या, असे आदेश निघू शकतात आणि तो खर्च तुमच्याच गळ्यात पडतो.

एक गोष्ट मात्र तुमच्या सोयीची आहे. केडी आणि एचटी आमच्याकडे एकाच भट्टीत, एकाच खेपेत होतं. सर्वात जाड नगांच्या मध्यात तापमापक बसवतो, त्याचा आलेख निघतो आणि त्याची प्रत मालासोबत देतो. खरेदीदाराने प्रश्न काढला तर तो कागद पुढे करता येतो.

शिक्का पॅकिंगसाठी असतो, हेही विसरू नका. माल म्हणून फळ्याच पाठवत असाल तर बहुतेक देश फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला, मागतात. ते सरकारी वनस्पती संरक्षण यंत्रणा देते, आम्ही नाही. शिसमसारख्या डालबर्जिया प्रजातीतल्या जाती २०१७ पासून साइटीसच्या (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहेत, त्यांचे कागद आधी पाहा. प्लायवूड किंवा ६ मिलिमीटर आणि त्याहून पातळ लाकडाच्या पॅकिंगला शिक्का लागत नाही, उगाच पैसे घालवू नका.

चौकशी करताना लाकडाची जात, सुकल्यानंतरची जाडी-रुंदी, ओलाव्याचा टक्का, कोणत्या देशात जाणार आणि कंटेनर कधी भरायचा, एवढं लिहून पाठवा. लांबीही कळवा. २० फुटी कंटेनर आतून जेमतेम ५.९ मीटर असतो, सहा मीटरची फळी त्यात सरळ मावत नाही. आणि फोन करार झाल्या दिवशीच करा, जहाजाची तारीख हातात आल्यावर नको. खरेदीदाराने ओलाव्याचा आकडा दिलाच नसेल तर त्याला काय विचारायचं ते आम्ही सांगतो, त्याचे पैसे घेत नाही.