जर्मन पिळाची गोटी की अमेरिकन कॉर्कस्क्रू?

आत रंगाचा पीळ असलेली जुनी काचेची गोटी दिसली की विकणारा हमखास सांगतो, "जर्मन आहे, हातानं घडवलेली." बरेचदा ती निघते अमेरिकेतल्या अ‍ॅक्रो अ‍ॅगेट कंपनीची, यंत्रावर झालेली 'कॉर्कस्क्रू'. दोन्हींत रंगाचा पट्टा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वळत जातो, त्यामुळे नवख्याची गल्लत होणारच. म्हणून नक्षीच्या नादी न लागता आधी टोकं बघायची.

जर्मन गोटीचं गाव थुरिंगियातलं लाउशा. तिथल्या ग्रायनर घराण्यातल्या एका काचकारागिरानं १८४० च्या दशकात गोट्या कापायची खास कात्री काढली, जिच्या एका पात्याला छोटी वाटी असते. रंगीत काचेच्या काड्या पारदर्शक काचेत गुंडाळून जाड सळई करायची, ती तापवून पिळायची आणि वाटीत फिरवत फिरवत एकेक गोटी तोडायची. तोडल्याची खूण दोन्ही टोकांना राहते. तिला संग्राहक पाँटिल म्हणतात. कधी ती घासून सपाट केलेली असते, कधी वितळवून बसवलेली, तर कधी नखाला खरखरीत लागते. भिंग लावलं की सगळे धागे तिथे गोळा होऊन एकदम तुटलेले दिसतात. पुष्कळ गोट्यांच्या पोटात पांढऱ्या किंवा पिवळ्या धाग्यांची जाळी असते आणि पृष्ठभागालगत रंगीत पट्ट्यांचा वेगळा थर. हे दुमजली काम मला या गोट्यांमधलं सर्वांत देखणं वाटतं, आणि कॉर्कस्क्रूमध्ये ते नसतं.

अ‍ॅक्रो कंपनी ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात सुरू झाली, १९१४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला गेली आणि १९५१ मध्ये बंद पडली. तिच्या यंत्रात दोन किंवा अधिक रंगांच्या वितळलेल्या काचेची धार एकत्र पडायची, पडतापडताच तिला पीळ बसायचा. मग तिचे तुकडे होऊन खाचा असलेल्या फिरत्या रुळांवर गोल व्हायचे. पाँटिल उरायचा प्रश्नच नाही, फार तर टोकाला बारीक घडी दिसते. आकारावरूनही अंदाज येतो: यंत्राच्या गोट्या बहुतेक एक इंचाच्या आतल्या, जर्मन मात्र दोन इंचांच्याही मिळतात.

मधली एक जात घोटाळा वाढवते. अ‍ॅक्रनच्याच मार्टिन क्रिस्टेन्सन यांनी १९०५ मध्ये गोट्यांच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्यांच्याकडे सळईवर काच हातानं उचलायची आणि गोलाई यंत्रानं द्यायची, अशी पद्धत होती. त्या गोट्यांच्या एका टोकाला ९ च्या आकड्यासारखा वळसा असतो आणि दुसऱ्या टोकाला कापल्याची खूण. एकाच टोकाला खूण दिसली म्हणून गोटी जर्मन ठरवू नका.

सालासाठी मूळ खोका मिळाला तर उत्तमच. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली कायद्यानं आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, तेव्हा 'जर्मनी' छापलेला खोका त्यानंतरचा. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मन माल येणं थांबलं आणि अमेरिकन कारखान्यांचं फावलं. अ‍ॅक्रोचा खोका त्यावरच्या उडत्या कावळ्यामुळे लगेच कळतो.

आपल्याकडे बहुतेकांनी खेळलेली पाकळ्यांची 'कॅट्स आय' या दोन्हींत बसत नाही. ती दुसऱ्या महायुद्धानंतर जपाननं जगभर पसरवली. गोटी सोड्याच्या बाटलीतली गोटीही वेगळीच. ती हायरम कॉड या इंग्रजाच्या १८७० च्या दशकातल्या बाटलीची, आत रंगाचा धागासुद्धा नसलेली.

पाँटिल म्हणजे हातकाम. जुनेपणाची हमी नव्हे. आजचे काचकलाकारही सळईवरूनच गोट्या तोडतात. उलट अस्सल जर्मन गोटी चकचकीत करण्यासाठी पॉलिश केली की पाँटिल पुसट होतं किंवा जातंच, आणि किंमतही उतरते. टवके उडालेली पण मूळ कातडीची गोटी आणि पॉलिश केलेली गोटी यांत मी पहिली घेईन.