मार्गदर्शक क्रीडाशिक्षकांचे स्वास्थ्य (मराठवाडा)

शारीरिक शिक्षणाची पदवी (बी.पी.एड.) घेणारे छात्राध्यापक सराव पाठांसाठी आणि आंतरवासितेसाठी (इंटर्नशिपसाठी) शाळेत येतात. तेथे ज्या क्रीडाशिक्षकाच्या हाती त्यांना सोपवले जाते, तो मार्गदर्शक शिक्षक. त्याने नवख्यांची घेतलेली काळजी आणि त्यापायी त्याच्या स्वतःच्या शरीरमनावर येणारा ताण, या दोन्हींचा विचार या विषयात होतो. छात्राध्यापकांच्या काळजीविषयी बोलले जाते. मार्गदर्शकाच्या वाट्याला मात्र बहुधा ‘सरांना सवय आहे’ एवढेच येते.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांमुळे बी.पी.एड. एका वर्षाऐवजी दोन वर्षांचे, चार सत्रांचे झाले. मराठवाड्याचे आठ जिल्हे छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ (१९५८) आणि नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ (१९९४) यांच्यात विभागलेले आहेत.

मराठीच्या किंवा गणिताच्या मार्गदर्शकाला मागच्या बाकावर बसून पाठनिरीक्षण लिहिता येते. क्रीडाशिक्षकाचा वर्ग उघड्यावर भरतो. फक्की मारून खो-खोचे मैदान आखायचे, छात्राध्यापकाची शिट्टी वेळेवर वाजते का पाहायचे, आणि एक डोळा पोरांच्या पायांवर ठेवायचा. पाठ छात्राध्यापकाचा असला तरी मूल पडून हात मोडला, तर पालक जाब विचारतात तो सरांनाच. ही टांगती तलवार पाठाच्या टाचणात कुठेच लिहिलेली नसते. त्यात उघड्या मैदानावर ओरडून घसा बसतो आणि मार्चपासून ऊन वाढते. उन्हाळ्यात सकाळची शाळा भरते ती त्यासाठीच. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पिण्याच्या पाण्याचीच अशी ओढाताण असते, तेव्हा मैदानावर सडा कोण मारणार? धूळ नाकातोंडात जाते.

दुसरी अडचण एकटेपणाची. अनेक शाळांत क्रीडाशिक्षक एकच असतो. पंधरा ऑगस्टचे संचलन, तालुक्याच्या स्पर्धा, परिपाठातली शिस्त, सगळे त्याच्याकडे. छात्राध्यापक आले म्हणून यातले काही कमी होत नाही, आणि आपल्या विषयातले दुखणे बोलायला शिक्षककक्षात दुसरा कोणी नसतो.

अमेरिकन विचारवंत नेल नॉडिंग्ज यांनी १९८४ मध्ये मांडले की, ज्याची काळजी घेतली त्याच्याकडून ती ओळखल्याची खूण आल्यावरच काळजी पूर्ण होते. आंतरवासितेत ही खूण क्वचितच पोचते. तुकडी जाते, पुढची येते. कधीतरी नोकरी लागलेला एखादा पेढे घेऊन येतो, एवढेच. बाकीच्यांचा प्रश्न ‘सर, जागा निघतील का?’ हा असतो. विनाअनुदानित शाळेत अनुदानाची वाट पाहणाऱ्या मार्गदर्शकाने त्याला काय सांगावे?

आंतरवासितेच्या काळात मार्गदर्शकाचे तास कमी करणे, जवळच्या दोन शाळांच्या क्रीडाशिक्षकांनी मिळून तुकडी सांभाळणे, महाविद्यालयाच्या प्राध्यापकांनी गुणपत्रकावर सही करण्यापुरते न येता मैदानावर थांबणे, हे उपाय खर्चिक नाहीत. त्यांतला पहिला मुख्याध्यापकाच्या वेळापत्रकात बसू शकतो.