कार्मेन अमायाच्या पायांमागचा इतिहास

फ्लामेंको, म्हणजे स्पेनचे पारंपरिक गाणे-नाच, म्हटले की झालरींचा घोळदार झगा, केसांत माळलेले फूल आणि टाचांचा कडकडाट डोळ्यांसमोर येतो. यातला झगा जुना आहे. बाईच्या पायांतला कडकडाट मात्र त्या मानाने बराच अलीकडचा, आणि त्याचे मोठे श्रेय जाते बार्सिलोनाच्या झोपडपट्टीतून आलेल्या कार्मेन अमायाकडे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सेविया, कादिस, मालागा या दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियाच्या शहरांत ‘काफे कांतांते’ निघाले. दारू, गाणे आणि नाच एकाच छपराखाली. अंगणातले, लग्नाकार्यातले फ्लामेंको तिथे पहिल्यांदा तिकिटावर आले आणि त्याबरोबर कामाची वाटणीही ठरून गेली. बाईने कमरेच्या वर नाचायचे: हात, मनगटे, बोटे, पाठीचा बाक आणि मागे लोळणारा झग्याचा शेपटा. पायांचे काम, म्हणजे ‘सापातेआदो’, पुरुषांचे. अपवाद होते. ला कुएंका नावाने गाजलेली नर्तकी त्याच शतकात पुरुषी पोशाखात नाचत असे. पण लोक तिला नवल म्हणूनच बघत. त्यातून रिवाज काही पडला नाही.

ही कला घडवण्यात जिप्सी, म्हणजे स्पेनमध्ये ज्यांना ‘हितानो’ म्हणतात त्यांचा वाटा मोठा. त्यांचे पूर्वज वायव्य भारतातून निघाले, हे भाषेच्या अभ्यासातून सिद्ध झाले आहे. पंधराव्या शतकात ते स्पेनमध्ये पोहोचले, 1499 पासून त्यांच्यावर कायद्यांचा वरवंटा फिरू लागला, आणि 1749 मध्ये तर राजाज्ञेने देशभरात एकदम धरपकड झाली. आपल्याकडे याच धाग्यावरून ‘फ्लामेंको म्हणजे कथकचीच मुलगी’ असे छातीठोकपणे सांगितले जाते. ऐकायला बरे वाटते, पण पुरावा तेवढा नाही. फ्लामेंको आंदालुसियातच घडले आणि त्यात तिथल्या लोकगीतांपासून अटलांटिकपारच्या तालांपर्यंत बरेच काही मिसळले आहे.

कार्मेन जन्मली ती सोमोरोस्त्रोत. बार्सिलोनाच्या किनाऱ्यावर वाळूतच उभी राहिलेली ही वस्ती, भरतीचे पाणी झोपड्यांत शिरायचे. जन्मसाल कुणी 1913 देतात, कुणी 1918. वडील ‘एल चिनो’ गिटार वाजवत. आत्या ला फाराओना नावाजलेली नर्तकी. परकर सावरणारी पोर बापाच्या गिटारीवर बंदरालगतच्या गुत्त्यांत नाचायची आणि नाणी गोळा व्हायची. 1931 मध्ये सेबास्तिया गाश या कला समीक्षकाने तिच्यावर लिहिले आणि शहरातल्या सुशिक्षितांना तिचे नाव कळले.

तिची ‘निसर्गकन्या’ ही प्रतिमा याच काळात घट्ट झाली. ती कुठल्या शाळेत शिकली नाही हे खरे. पण रोज रात्री पैसे देणाऱ्या आणि न देणाऱ्या गिऱ्हाइकांपुढे, घरच्याच गिटारवादकाच्या आणि नर्तकींच्या नजरेखाली नाचणे ही तालीम नव्हे तर काय? मला तरी ‘उपजत’ हा शब्द तिच्यावर अन्याय करणारा वाटतो.

कारण फ्लामेंकोचा ताल नुसत्या आवेशाने पेलत नाही. ‘सोलेआ’ किंवा ‘आलेग्रियास’ हे फ्लामेंकोचे प्रकार घ्या: 12 मात्रांचे आवर्तन, आघात 3, 6, 8, 10 आणि 12 वर. आपल्या एकतालालाही 12 मात्रा आहेत, पण त्याचे विभाग दोन-दोनचे. इथे आधी दोन तीन-तीनचे, मग तीन दोन-दोनचे. टाळी देत मोजून पाहा, दुसऱ्या अर्ध्यात जमीन पायाखालून सरकल्यासारखी वाटते. त्यात नर्तकी टाच, चवडा आणि सबंध तळवा वेगवेगळा वाजवते. बुटांच्या टाचेला आणि टोकाला त्यासाठीच खिळे ठोकलेले असतात. कार्मेनचे पाय विलक्षण वेगात चालत आणि तरीही प्रत्येक ठोका सुटा ऐकू येई. अमेरिकेत काढलेल्या ध्वनिमुद्रिकांत चेहरा न दिसता नुसते पाय ऐकू येतात, तिथे हे नीट कळते.

1936 मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटली. कार्मेन दौऱ्यावर होती; कुटुंबासह ती लिस्बनला गेली आणि तिथून बोटीने ब्वेनोस आयरेसला. पुढची सुमारे अकरा वर्षे ती मायदेशी परतली नाही. लॅटिन अमेरिका पालथी घातली, मग न्यूयॉर्क. 1942 मध्ये कार्नेगी हॉलच्या कार्यक्रमात तिच्यासोबत गिटारवर साबिकास होता. घट्ट उंच पँट, आखूड जाकीट आणि पाय ही तिची ओळख झाली. पँटीत लपवायला काही नसते. गुडघा किंचित चुकला तरी दिसतो. तिच्याभोवती दंतकथाही चिकार. न्यूयॉर्कच्या आलिशान हॉटेलात खोलीतच सार्डिन मासे भाजल्याची गोष्ट तर हमखास सांगतात. खरी असो-नसो, यजमानांना जिप्सी बाईकडून नेमके काय अपेक्षित होते ते त्यातून दिसते. कमाई मात्र सगळ्या गोतावळ्यावर खर्च होई. भावंडे आणि नातलग तिच्याच संचात असत.

1947 मध्ये ती स्पेनला परतली. पुढे तिने हुआन आन्तोनिओ आगुएरो या गिटारवादकाशी लग्न केले आणि दौरे चालूच ठेवले. मूत्रपिंडांचा आजार जुना होता. नाचताना गळणाऱ्या घामानेच तिला इतकी वर्षे जगवले, असे सांगतात. वैद्यकीयदृष्ट्या ते कितपत खरे, हा प्रश्नच आहे. ‘लोस तारांतोस’ या चित्रपटाच्या वेळी ती खरोखरच खंगलेली होती. त्यातल्या एका प्रसंगात ती टेबलाशी बसून बोटांच्या पेरांनी लाकडावर ताल धरते, मग तो ताल पायांत उतरतो. चित्रपट 1963 चा. त्याच वर्षी 19 नोव्हेंबरला बेगुर गावी ती गेली. पुढे त्या चित्रपटाला परभाषिक विभागात ऑस्करचे नामांकन मिळाले.

आज स्पेनमधल्या कुठल्याही नृत्यवर्गात मुली पहिल्यापासून पायांचे काम घोटतात, पँट घालून रंगमंचावर आल्या तरी कुणी भुवई उंचावत नाही. सेवियाच्या घराण्यातल्या जाणत्या शिक्षिकांना मात्र हे पुरते पटलेले नाही. पायांच्या नादात हात आणि झग्याचा शेपटा मागे पडला, ही त्यांची तक्रार जुनी आहे आणि तीत तथ्यही आहे. फक्त त्याचा दोष कार्मेनवर टाकता येत नाही: जुन्या चित्रफितींत तिचे हात पाहावेत, ते पायांइतकेच जागे आहेत.