तांबी आणि मिरेना, नळीत गर्भ राहून गेल्यावर कुठली?

गर्भ पिशवीत न राहता गर्भनळीत राहिला म्हणून माझी डावी नळी काढली, तेव्हा नळी फुटून पोटात रक्त साचलेलं, 2 बाटल्या रक्त चढवलं. डिस्चार्जच्या आधी डॉक्टर म्हणाल्या आता काही महिने दिवस राहू देऊ नका, तांबी बसवूया का, तर सासूबाई तिथेच म्हणाल्या अहो तांबीमुळेच तर नळीत गर्भ राहतो ना. मलाही तेच वाटत होतं.

मग डॉक्टरांनी दोन्ही टेबलावर ठेवून दाखवल्या. दोन्ही जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर लांबीच्या, इंग्रजी टीच्या आकाराच्या, खाली दोरा. एकीवर तांब्याची तार गुंडाळलेली, ती कॉपर-टी म्हणजे तांबी. दुसरीवर तार नाही, दांडीवर पांढरी नळकांडी, त्यातून लेव्होनॉरजेस्ट्रेल हा हार्मोन थोडा थोडा पिशवीत सुटतो, ती मिरेना. आपल्याकडे दोन्हीला सर्रास तांबीच म्हणतात आणि तिथेच गोंधळ होतो.

आता सासूबाईंची शंका. तांबी असताना चुकून दिवस राहिलेच तर ते नळीत असण्याची शक्यता जास्त असते, हे खरं आहे. पण मुळात दिवसच क्वचित राहतात ना! समजा आधी असं झालेल्या 1000 बायका आहेत, त्यातल्या 800 जणींना काही न वापरता वर्षभरात दिवस राहिले, आणि एकदा झालं की परत व्हायची शक्यता साधारण 10 टक्के धरतात, म्हणजे 80 जणी परत त्याच संकटात. अशाच 1000 जणींना 380ए ही नेहमीची तांबी बसवली तर पहिल्या वर्षात 8 च्या आसपास जणींना दिवस राहतील, त्यातले निम्मे नळीत धरले तरी 4. मिरेनाने त्याहून कमी. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आधी नळीत गर्भ राहिलेल्या बाईला दोन्ही चालतात, काही अट नाही. पण अंगावरून घाण वास येणारं पांढरं जात असेल, इन्फेक्शन असेल, तर आधी ते बरं करायचं, मग बसवायची.

मग फरक कुठे, तर रक्तात. तांबीने पाळी जास्त जाते, पोटात दुखतं, विशेषतः पहिले काही महिने, आणि माझं हिमोग्लोबिन तर तेव्हा 7 वर आलेलं. मिरेनाने अंगावरून कमी जातं म्हणून मी तीच घेतली. ती महाग आहे, काही हजार जातात, तांबी मात्र सरकारी दवाखान्यात फुकट बसवतात आणि 380ए 10 वर्षं चालते. रक्त चांगलं असेल, हार्मोन नको असतील तर तांबी उत्तमच आहे, उगाच घाबरू नका. ऑपरेशन न करता नळीतला गर्भ विरघळवायला मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन घेतलं असेल तर निदान 3 महिने दिवस राहू द्यायचेच नाहीत, हे मात्र पक्कं.

एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. तांबीत पाळी दर महिन्याला येते, चुकली की लगेच कळतं. मिरेनात पाळी कित्येकदा बंदच होते, मग चुकली हे कळणार कसं? म्हणून एका बाजूला ओटीपोटात दुखलं, अधूनमधून डाग पडले, चक्कर आली किंवा खांद्याच्या टोकाला कळ आली, तर दोन्हीपैकी काहीही बसवलेलं असो, त्याच दिवशी दिवस राहिलेत का याची युरिन टेस्ट आणि सोनोग्राफी. खांदा दुखतो म्हणून बाम लावत बसू नका, मी बसले होते.