दमदमची गोळी

स्वसंरक्षणासाठी आज जी 'हॉलो पॉइंट' काडतुसे विकली जातात, त्यांच्या गोळीच्या टोकाला खळगा असतो. अंगात शिरताच ते टोक अळंबीच्या छत्रीसारखे फाकते, गोळीचा वेग मरतो आणि ती सहसा आरपार जात नाही. या कल्पनेची चर्चा बहुतेक वेळा अमेरिकेपासून सुरू होते. पण अशा गोळीला जगभर जे नाव पडले, ते कोलकात्याजवळच्या दमदमचे. (१८५७च्या जानेवारीत चरबीच्या काडतुसांची कुजबुज जिथून पसरली, तेही हेच दमदम.)

१८८८मध्ये ब्रिटिश फौजेत ली-मेटफर्ड रायफल आली. गोळी लहान, वेग मोठा, म्हणून शिशावर तांबे-निकेलचे कवच चढवले. १८९५च्या वायव्य सरहद्दीवरील चित्रळ मोहिमेनंतर तक्रारी आल्या, की ही गोळी सुईसारखी आरपार जाते आणि समोरचा माणूस थांबत नाही. दमदमच्या कारखान्याचे प्रमुख कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी टोकावरचे कवच काढून शिसे उघडे ठेवले. शिकाऱ्यांना पसरणारी गोळी आधीपासून ठाऊक होती. इथे ती माणसांसाठी तयार झाली आणि त्याच सरहद्दीवरच्या १८९७-९८च्या तिराह मोहिमेत आफ्रिदी पठाणांवर चालली.

युद्धाचे नियम ठरवणाऱ्या १८९९च्या हेग परिषदेत तिच्यावर बंदीचा ठराव आला. ब्रिटनच्या बाजूने सर जॉन आर्डाग यांनी युक्तिवाद केला, की 'सुधारलेला' सैनिक जखमी झाला की मागे हटतो, 'रानटी' मात्र धावतच येतो. हे वाचताना आजही संताप येतो. ज्यांच्या अंगावर ही गोळी आजमावली गेली, त्यांच्या बाजूने त्या सभागृहात बोलायला कोणीच नव्हते. ब्रिटन आणि अमेरिकेने विरोधात मत दिले, तरी ठराव संमत झाला. ब्रिटनने तो १९०७मध्ये मान्य केला, अमेरिकेने कधीच नाही.

मात्र ही बंदी युद्धापुरती होती. पोलीस आणि सामान्य नागरिक तिच्या बाहेर राहिले आणि पुढचा सगळा इतिहास या फटीतूनच घडला. १९६०च्या दशकात अमेरिकेत ली जुरास यांनी पिस्तुलासाठी हलक्या, वेगवान, पोकळ टोकाच्या गोळ्या बाजारात आणल्या.

मग ११ एप्रिल १९८६ला मायामीत एफबीआयची (अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेची) चकमक झाली. पसरणारी ९ मिमीची गोळी एका संशयिताच्या दंडातून छातीत शिरली, पण हृदयाच्या अलीकडेच थांबली आणि तो गोळ्या झाडत राहिला. दोन एजंट ठार झाले, पाच जखमी. आरपार जाणारी गोळी नको म्हणून जी शोधली, तिच्यावर आता पुरेशी खोल न गेल्याचा ठपका आला. एफबीआयने शरीराच्या मांसाऐवजी वापरल्या जाणाऱ्या जिलेटिनच्या ठोकळ्यावरची चाचणी ठरवली: जाड कपडे, पत्रा, प्लायवूड, गाडीची काच असे अडथळे ओलांडूनही गोळी १२ ते १८ इंच खोल गेली पाहिजे. आजची जवळपास प्रत्येक 'आधुनिक' गोळी या मोजपट्टीवर घडते.

न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस पोकळ टोकाची गोळी घेतली, त्यामागे आरपार गेलेल्या गोळ्या बघ्यांना लागतात ही चिंता होती. माझ्या मते या गोळीच्या बाजूचा हाच खरा वजनदार मुद्दा आहे. भिंतीपलीकडे किंवा मागे उभ्या असलेल्या माणसाचा तिथे विचार आहे. तिराहच्या वेळी तो कोणी केला नव्हता.

अलीकडचा बदल धातूचा आहे. १९८९मध्ये बार्न्स या अमेरिकी कंपनीने शिकारीसाठी निखळ तांब्याची गोळी आणली. शिकारीत उरलेल्या मांसातून शिसे गिधाडांच्या पोटात जाते, म्हणून कॅलिफोर्नियाने तिथल्या दुर्मीळ गिधाडासाठी, कॉन्डॉरसाठी, आधी त्यांच्या अधिवासात आणि २०१९पासून राज्यभर शिकारीतून शिशाच्या गोळ्या हद्दपार केल्या. पिस्तुलांच्या स्वसंरक्षणाच्या काडतुसांतही आता तांबे आले आहे.

आपल्याकडे परवानाधारकाच्या .३२ रिव्हॉल्वरमध्ये जे काडतूस जाते, ते सहसा पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याचे असते, बुडाशी 'केएफ' असा ठसा. त्यातली गोळी साध्या शिशाची, गोल नाकाची.