इंजिनामागून येणारा आवाज
मॉडेल रेल्वेच्या डब्यांत आवाज बसवून घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

इंजिनात साउंड डीकोडर (हुकमाप्रमाणे आवाज वाजवणारा छोटा सर्किट बोर्ड) बसवून नेलेले ग्राहक काही महिन्यांनी परत येतात, तेव्हा तक्रार बहुतेक एकच असते. इंजिन धडधडते, हॉर्न देते, पण मागचे आठ डबे मुक्याने जातात. तेल लावलेल्या काचेवरून सरकल्यासारखे. खऱ्या गाडीत याच्या उलट असते. सांगली-मिरज दरम्यानच्या एखाद्या फाटकाशी उभे राहून बघा. इंजिन पापणी लवते तोवर पुढे जाते. मागचे बावीस डबे ताशी ६० किलोमीटरने जायला जवळजवळ अर्धा मिनिट घेतात, आणि त्या अर्ध्या मिनिटात कानावर येतो तो डब्यांचाच आवाज.

हे पत्रक त्या अर्ध्या मिनिटाबद्दल आहे. यातली बरीच कामे तुम्ही घरी करू शकता. जमले नाही तर आम्ही आहोतच.

खटखट म्हणजे नक्की काय

जुन्या निळ्या आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या पद्धतीच्या) डब्यांची खटखट सगळ्यांना हवी असते. इंटरनेटवरून उतरवून घेतलेला ‘ट्रेन साउंड’ लावून बघितला की मात्र काहीतरी चुकल्यासारखे वाटते. चुकलेला असतो तो ठेका.

आपल्याकडे ब्रॉडगेजचा रूळ १३ मीटर लांब. दोन रुळांच्या सांध्यावरून बोगीची, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या गाड्याची, दोन चाके पाठोपाठ जातात, म्हणून ‘खट-खट’ अशी जोडी ऐकू येते. आयसीएफ बोगीच्या दोन ॲक्सलमध्ये २.८९६ मीटर अंतर असते. एका डब्याच्या दोन बोगी मध्यापासून मध्यापर्यंत १४.७८३ मीटरवर, तर शेजारच्या दोन डब्यांच्या लगतच्या बोगी जेमतेम साडेसात मीटरवर. म्हणून सांध्याजवळ उभ्या माणसाला ‘खट-खट, खट-खट’ असे चार ठोके, मग मोठी विश्रांती, मग पुन्हा चार असे ऐकू येते. डब्यात बसलेल्याला मात्र आपल्या बोगीचा ठोका दर सांध्याला, म्हणजे ताशी ६० किलोमीटरला पाऊण सेकंदाच्या आसपास ऐकू येतो. हे दोन वेगळे ठेके आहेत. तुम्ही टेबलाशेजारी उभे राहून गाडी बघता, तेव्हा पहिला हवा.

एचओ स्केलमध्ये, म्हणजे १:८७ मध्ये, १३ मीटरचा रूळ साधारण १४९ मिलिमीटरचा होतो. डब्याचे ९१५ मिलिमीटरचे चाक साडेदहा मिलिमीटरचे होते आणि त्याचा एक फेरा ३३ मिलिमीटरचा. भागाकार केला तर एका रुळाला साडेचार फेरे. ॲक्सलवर समोरासमोर दोन बारीक चुंबके चिकटवली आणि शेजारी हॉल सेन्सर (चुंबक जवळ आले की खूण देणारा) लावला, की नऊ खुणा मोजल्यावर एक सांधा. गाडी हळू झाली की ठेका हळू, थांबली की गप्प. दोन्ही चुंबकांचा एकच ध्रुव बाहेर ठेवा. साधा हॉल सेन्सर एकाच ध्रुवाला दाद देतो. एक चुंबक उलटे बसले तर अर्धेच सांधे वाजतील आणि तुम्ही दिवसभर प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसाल. आमचा असा एक अख्खा रविवार गेला आहे.

लाल एलएचबी (नव्या, मूळ जर्मन आराखड्याचे) डबे असतील तर ही खटखट बसवू नका, असे आम्ही सांगतो. हल्ली रूळ लांबच लांब वेल्ड केलेले असतात, त्यावर ती जोडी ऐकू येत नाही. फक्त स्टेशनच्या तोंडाशी, गाडी रूळ बदलते तिथे खडखडाट होतो. वेल्डेड रुळावर ऐकू येते ती सलग घरघर आणि वळणावर चाकाची कड रुळाला घासल्याची किरकिर. गाडी कोणत्या काळातली, हे आधी ठरवा. आवाज त्यावरून ठरतो.

कोणत्या डब्याला काय शोभते

सगळ्या डब्यांत स्पीकर लागत नाही. आठ डब्यांच्या गाडीत एक पुरतो, फार तर दोन. आमच्या मते सर्वांत उत्तम उमेदवार म्हणजे जनरेटरचा डबा. एलएचबी गाडीच्या टोकाला जो पॉवर कार असतो, त्यात गाडीच्या दिव्यापंख्यांसाठी आणि एसीसाठी डिझेल जनरेटर असतात. गाडी फलाटावर उभी असतानाही तो डबा गुरगुरत असतो. जवळून जाणारा माणूस बोलणे थांबवतो. मॉडेलमध्ये हा आवाज बसवायला सगळ्यात सोपा, कारण तो वेगाशी बांधलेला नाही. गाडी थांबो वा चालो, तो चालूच. हल्ली बऱ्याच गाड्यांना इंजिनातूनच वीज मिळते आणि जनरेटर बंद असतात, पण आपल्या टेबलावर ते चालू ठेवायला कोण अडवतो?

मालगाडीला दोन आवाज फार शोभतात. पहिला, गाडी निघताना एकेक वॅगन ओढली जाते तेव्हा पुढून मागे धावत जाणारा कपलिंगचा ‘धड-धड-धड’. दुसरा चपट्या चाकाचा. ब्रेक लागून चाक घसरले की त्याला एका ठिकाणी चपटेपणा येतो आणि मग प्रत्येक फेऱ्याला एक ठोका बसतो. ताशी ६० किलोमीटरला हे ठोके सेकंदाला पाच-सहा पडतात. मालगाडीत असे एकच चाक ठेवा. दोन ठेवलीत तर वर्कशॉपला कळवावेसे वाटेल.

गार्डच्या डब्याला ब्रेकची हवा सुटल्याचा ‘फुस्स’ द्या. पॅसेंजरच्या डब्यात चहावाल्याची हाकही बसवता येते, पण ती स्टेशनवर उभ्या गाडीतच. भरधाव गाडीतून दर दहा सेकंदांनी ‘चाय, चाय’ ऐकू आले की पाहुणे हसतात.

भोपळा आणि स्पीकर

आता खरे महत्त्वाचे. आमच्याकडे येणारी निम्मी दुरुस्तीची कामे एका कारणाची असतात: चांगला डीकोडर, चांगले रेकॉर्डिंग आणि उघडा स्पीकर.

आपण मिरजेच्या शेजारी राहतो, म्हणून उदाहरण घरचेच देतो. तंबोऱ्याची तार नुसत्या दांडीवर ताणून छेडली तर किती आवाज येईल? तारेला भोपळा मिळतो, तेव्हा तो आवाज खोलीभर होतो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे येतात, त्यांतून जाडी बघून, ठोकून, निवडून मिरजेचे कारागीर ते लावतात. त्या निवडीत अर्धे वाद्य असते. स्पीकरला भोपळा म्हणजे त्याची पेटी. कारण थोडे वेगळे आहे. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. पेटी नसेल तर पुढची हवा कडेने वळून मागे जाते आणि दोन्ही लहरी एकमेकींना खाऊन टाकतात. उरते ती डास गुणगुणल्यासारखी चिरचिर.

डब्यात मावणारे स्पीकर म्हणजे मोबाइलमध्ये असतात तसले, ११ × १५ मिलिमीटरचे. बाजारात त्यांना शुगर क्यूब म्हणतात. साखरेच्या जिल्ह्यात हे नाव ऐकून गिऱ्हाईक हसते, पण आकार खरोखरच खडीसाखरेच्या खड्याएवढा असतो. एक मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकच्या पत्र्याची पेटी करा, स्पीकर तिच्या तोंडावर चिकटवा आणि सगळे सांधे गोंदाने बंद करा. वायर बाहेर येते ते भोकसुद्धा. सुई जाईल एवढी फट राहिली तरी फरक कानाला कळतो. पेटी जितकी मोठी करता येईल तितकी चांगली; आयसीएफचा डबा एचओमध्ये सुमारे २४५ मिलिमीटर लांब असतो, तेव्हा जागेची कंजुषी करायचे कारण नाही. आवाजाला बाहेर पडायला डब्याच्या तळाला बोगीच्या वर भोके पाडा. छताकडे तोंड करून बसवलेला स्पीकर आम्हाला आवडत नाही. चाकांचा आवाज वरून येत नाही.

डब्याचे छत नुसते खाचेत बसवलेले असेल तर ते स्पीकरबरोबर थरथरते आणि स्वतःचाच एक सूर लावते. सतारीला जवारीचा झंकार हवा, डब्याच्या छताला नको. आतून दोन ठिकाणी दुहेरी चिकटपट्टीचा तुकडा लावला की ते गप्प होते.

एवढ्या लहान स्पीकरमधून खर्जातला आवाज निघत नाही, पेटी कितीही चांगली असली तरी. म्हणून आम्ही रेकॉर्डिंगमधला खालचा पट्टा आधीच कापतो. न निघणारा सूर काढायच्या खटपटीत पडदा फडफडतो आणि निघणारा सूरही बिघडवतो.

वीज कुठून घ्यायची

तुमचा लेआउट, म्हणजे टेबलावर मांडलेली रेल्वे, डीसीसी असेल (रुळांत वीज कायम असते आणि प्रत्येक डीकोडरला त्याच्या पत्त्याच्या आकड्यावर डिजिटल हुकूम जातो) तर रुळांतून. डीसीसी ही पद्धत जर्मनीतल्या लेन्झ कंपनीच्या कामावर आधारून अमेरिकेतल्या एनएमआरए या संघटनेने १९९० च्या दशकात प्रमाण म्हणून स्वीकारली. म्हणूनच एका कंपनीच्या कंट्रोलरवर दुसऱ्या कंपनीचा डीकोडर चालतो. डब्याच्या चाकांना फॉस्फर ब्राँझच्या पातळ पट्ट्या हलक्या टेकवून वीज घ्यावी लागते. हलक्या या शब्दावर जोर आहे. पट्टी दाबून बसली की चाक ब्रेक लागल्यासारखे फिरते, आणि असे तीन डबे लावले तर चढावर इंजिन जागीच चाके फिरवत राहते.

रुळावर धूळ असली की वीज क्षणभर तुटते आणि आवाज तुटक होतो. त्यासाठी कपॅसिटर लावतात. एचओच्या डीसीसी रुळांवर १४-१५ व्होल्ट असतात, म्हणून कपॅसिटर २५ व्होल्टचा घ्या. १६ व्होल्टचा काठावर राहतो. मोठा कपॅसिटर सरळ जोडलात तर चालू करताना तो एकदम एवढा करंट खेचतो की कंट्रोलरला ते शॉर्ट सर्किट वाटते. चार्ज होण्याच्या वाटेवर १०० ओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर डायोड, एवढ्याने काम भागते.

साध्या डीसी लेआउटवर अडचण वेगळी. तिथे रुळांतले व्होल्टच कमी-जास्त करून वेग ठरतो, म्हणजे गाडी थांबली की वीजही थांबली आणि जनरेटरही मेला. अशा ग्राहकांना आम्ही बॅटरी सुचवतो: एका लिथियम सेलवर चालणारा एमपी३ प्लेअरचा छोटा बोर्ड, मेमरी कार्ड आणि डब्याच्या तळाला चोरबटण. स्वस्तात होते. लांब, सलग आवाजांना हा बोर्ड उत्तम. खटखटीला मात्र तो थोडा आळशी आहे, हुकूम मिळाल्यावर क्षणभर थांबून वाजवतो. गाडी जोरात धावली की ठोके एकमेकांवर चढतात. कार्डावर फाइली एमपी३ ऐवजी वेव्ह स्वरूपात ठेवा, म्हणजे आवाज पुन्हा सुरू होताना मधली फट कमी जाणवते.

बॅटरीबद्दल एक इशारा, आणि हा वाचल्याशिवाय काम सुरू करू नका. बाजारात मिळणारा टीपी४०५६ चा चार्जर बोर्ड मुळात एक अँपिअरने चार्ज करतो. डब्यात मावणारा सेल असतो दीड-दोनशे मिलिअँपिअर-तासाचा. त्याला एवढा करंट दिला तर तो फुगतो, प्रसंगी पेटतो. बोर्डावरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून तिथे १० किलोओहमचा लावला की करंट १३० मिलिअँपिअरच्या आसपास येतो. सोल्डरिंगचा हात नसेल तर बोर्ड घेऊन या, चहा होईपर्यंत बदलून देतो. या कामाचे पैसे घेत नाही.

पत्ता कसा द्यायचा

डब्यातल्या साउंड डीकोडरला इंजिनाचाच पत्ता दिला तर इंजिनाचा वेग त्यालाही कळतो. सोय चांगली, पण प्रोग्रॅमिंग करताना डबा आणि इंजिन एकाच रुळावर ठेवू नका. एकाच्या सेटिंगबरोबर दुसऱ्याचेही बदलते आणि मग हॉर्न दाबल्यावर डबा वाजतो. जनरेटरच्या डब्याला वेगळा पत्ता द्यावा, असे आमचे मत. तो कधीही बंद करता आला पाहिजे.

आवाज किती ठेवायचा

एचओच्या टेबलापासून तुम्ही एक मीटरवर उभे असाल, तर त्या जगात गाडीपासून ८७ मीटरवर उभे आहात. एवढ्या लांबून खटखट कशी ऐकू येते, ते आठवा. नवे ग्राहक पहिल्या दिवशी आवाज पूर्ण वाढवतात. आठवड्याने घरचे लोक तो शून्यावर आणतात. आम्ही डबा देतानाच तो निम्म्याच्याही खाली ठेवून देतो. जवळ वाकल्यावर ऐकू यावा, लांब गेल्यावर मिसळून जावा.

आमची बहुतेक रेकॉर्डिंगे रेल्वेच्या हद्दीबाहेरून, फाटकांजवळून आणि शेताच्या बांधावरून केलेली आहेत. जयसिंगपूरकडे जाताना लागणाऱ्या कृष्णेवरच्या रेल्वे पुलाचे रेकॉर्डिंग आम्हाला सगळ्यांत आवडते. लेआउटवर पूल असेल तर ते आमच्याकडे मागा. पण तो आवाज डब्यात बसवायचा नसतो, पुलाखाली बसवायचा असतो. गाडी पुलावर आली की सेन्सर तो सुरू करतो. हा सगळा साठा आता दुकानाच्या दुसऱ्या मजल्यावर असतो. २०१९ च्या पुरानंतर तळमजल्यावर आम्ही फक्त रूळ ठेवतो.

मिरजेची छोटी गाडी करणाऱ्यांसाठी

मिरजेत एकेकाळी तिन्ही रुंदीचे रूळ होते, त्यामुळे बार्शी लाइटची नॅरोगेज गाडी बनवणारे ग्राहक आमच्याकडे येतातच. पंढरपूरकडून ती गाडी १९२७ मध्ये मिरजेला पोचली. तिचे ७६२ मिलिमीटरचे रूळ एचओमध्ये पावणेनऊ मिलिमीटरचे होतात, म्हणून एन स्केलचे नऊ मिलिमीटरचे रूळ चालतात. मात्र तिच्या डब्यांत पेटीला जागाच उरत नाही. तिथे स्पीकर टेबलाखाली लावा, तीन-चार इंची, नीट पेटीत. खर्जसुद्धा मिळेल.

डबा आणून देताना

डब्याबरोबर त्याच्या बोगी, सुटे झालेले भाग आणि शक्यतो ज्या इंजिनामागे तो चालणार ते इंजिनही आणा. वजन आम्ही करून घेतोच. एनएमआरएच्या शिफारशीप्रमाणे २४५ मिलिमीटरच्या एचओ डब्याचे वजन १६५ ग्रॅमच्या आसपास असावे. स्पीकर आणि बॅटरी बसवून ते कमी पडले तर तळाला शिसे लावतो, जास्त झाले तर मूळ वजन काढतो. ठरावीक गाडीचा, ठरावीक काळाचा आवाज हवा असेल तर तो चिठ्ठीवर लिहून द्या. ‘रेल्वेचा आवाज’ एवढेच लिहिलेल्या चिठ्ठीला आम्ही निळ्या आयसीएफची खटखट लावतो.