परदेशातून कायमचं पुण्यात परतताय? कोणते कागद, कोणत्या क्रमाने

परतायचं नक्की झालं की पहिली चर्चा कोथरूड की बाणेर अशीच रंगते. घर काय, नंतरही बघता येतं. परदेशातून निघण्याआधी करून घ्यायचे कागद मात्र इथे बसून मिळवताना नाकी नऊ येतात.

पासपोर्ट अजून भारतीय असेल तर प्रश्नच नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला इथे राहण्याची मुभा देणारं कार्ड) लागेल. २६ जानेवारी १९५० रोजी किंवा त्यानंतर भारताचे नागरिक असलेल्यांना, तसंच त्यांची मुलं, नातवंडं आणि पतवंडं यांना ते मिळू शकतं. जोडीदार परदेशी वंशाचा असेल तर लग्नाची नोंदणी आणि अर्जाआधी किमान दोन वर्षांचं सलग वैवाहिक आयुष्य ही अट आहे. आईवडील, आजीआजोबा यांपैकी कोणी पाकिस्तान वा बांगलादेशाचं नागरिक असेल तर कार्ड मिळत नाही. कपाटात भारतीय वंशाच्या लोकांसाठीचं जुनं पीआयओ कार्ड असेल तर ती योजना २०१५ मध्येच ओसीआयमध्ये विलीन झाली आहे.

अर्जासोबत चालू पासपोर्ट, परदेशी नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, जुना भारतीय पासपोर्ट आणि तो रद्द करून घेतल्याचं सरेंडर प्रमाणपत्र द्यावं लागतं.

गाडं अडतं ते नावापाशी. आपल्याकडे मधलं नाव आधी वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. त्यात माहेरची विद्या सासरी वैशाली झालेली असते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, १९८८ च्या पासपोर्टवर दुसरं, आणि परदेशी पासपोर्टवर मधलं नावच गायब. बँक, सोसायटी, वारसनोंद, सगळीकडे हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. म्हणून विवाह प्रमाणपत्र आणि नावबदलाचं राजपत्र यांच्या प्रती जवळ ठेवा. तिकडे दिलेले जन्म-विवाहाचे दाखले असतील तर त्यांच्यावर त्याच देशातून अपोस्टिल, म्हणजे दाखला दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का, करून आणा. ते काम त्या त्या देशातच होतं.

आता तारखेचं गणित. एप्रिल ते मार्च या वर्षात १८२ दिवस भारतात राहिलात की प्राप्तिकरासाठी तुम्ही रहिवासी. १ ऑक्टोबरनंतर उतरलात आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवसांपेक्षा कमी इथे राहिला असाल, तर ते वर्ष अनिवासी म्हणूनच जातं. गणपतीला पोचायची हौस मी समजू शकतो, पण तिकडे मोठी मिळकत असेल तर सरळ दिवाळीला या. पुढची साधारण दोन वर्षं, कधी तीनही, तुम्ही ‘आरएनओआर’ (रहिवासी, पण ‘सर्वसाधारण रहिवासी’ नाही) असता. त्यासाठीची अट अशी: आधीच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी, किंवा आधीच्या सात वर्षांत भारतातला मुक्काम ७२९ दिवसांपर्यंत. या काळात परदेशातलं व्याज, भाडं, पेन्शन यांवर इथे सहसा कर लागत नाही. पुण्यात बसून परदेशी कंपनीचं काम केलं तर तो पगार मात्र भारतातलाच धरतात.

बँकेचा हिशेब वेगळा. कायमचं राहायला आलात की अनिवासी भारतीयांची खाती, म्हणजे एनआरई (परदेशातल्या कमाईचं) आणि एनआरओ (भारतातल्या मिळकतीचं), रहिवासी खात्यांत बदलून घ्यायची असतात, आणि एनआरईवरच्या व्याजाची करमाफी तिथेच संपते. एफसीएनआर, म्हणजे अनिवासींची परकीय चलनातली ठेव, मुदत संपेपर्यंत चालू राहते. परकीय चलन तसंच ठेवायचं असेल तर आरएफसी, म्हणजे रहिवाशांचं परकीय चलनातलं खातं, उघडता येतं. परदेशात असताना घेतलेलं घर वा गुंतवणूक विकायची सक्ती नाही.

आधारसाठी भारतीय पासपोर्टवाल्यांना थांबावं लागत नाही. ओसीआयवाल्यांना अर्जाआधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवसांचं वास्तव्य दाखवावं लागतं. तोवर पत्त्याला आधार म्हणजे नोंदणी केलेला भाडेकरार. गंमत अशी की, त्याच्या घरबसल्या ऑनलाइन नोंदणीलाही आधार लागतं. ते नसेल तर घरमालकाला घेऊन दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जा. अकरा महिन्यांचा असल्याने नोंदणी नको, असं सांगणाऱ्या एजंटाचं ऐकू नका. महाराष्ट्रात ती बंधनकारक आहे.

मुळशीकडे शेत घ्यायचं स्वप्न असेल तर ओसीआय कार्डावर शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित जमीन वारसाहक्काने मिळू शकते. तलाठ्याकडे वारसनोंद करून सातबारावर नाव लावून घ्या.

मतदानाचा हक्कही ओसीआयला नाही. तो हवा असेल तर नागरिकत्व परत मिळवावं लागतं: ओसीआय नोंदणीला पाच वर्षं झालेली हवीत आणि अर्जाआधीचे बारा महिने भारतात वास्तव्य हवं. अर्ज ऑनलाइन भरायचा, पुढची छाननी जिल्हाधिकारी कार्यालयातून होते. दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाही, त्यामुळे तिकडचा पासपोर्ट सोडावा लागेल. पेन्शन किंवा वैद्यकीय सवलत त्या नागरिकत्वावर अवलंबून असेल, तर त्या देशाच्या कार्यालयाकडून आधी लेखी उत्तर घ्या आणि मगच अर्ज भरा.